संकेतस्थळांवरील कायदा आणि अनुसूचित क्षेत्रातील वाचक : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. त्याची दुसरी बाजू मात्र तेवढ्या आग्रहाने मांडली जात नाही. कायदा जाणून घेण्याची जबाबदारी नागरिकावर टाकावयाची, तर तो जाणून घेता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात ही बाब स्पष्ट केली. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने अफूविषयक कायदा संमत केला होता. तथापि तो लोकांसाठी प्रसिद्धच करण्यात आलेला नव्हता. अशा अप्रसिद्ध कायद्याखाली झालेली शिक्षा न्यायालयाने रद्द ठरविली. पुढे १९६४ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या प्रकरणात बहुमताने असे मत मांडले, की अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की ती परदेशातून आलेल्या प्रवाशालाही लागू होते. या दोन निवाड्यांच्या दरम्यान प्रश्न उरतो तो असा : राजपत्रात छापले गेले म्हणजे लोकांपर्यंत पोहोचले, असे कितपत मानावे?

संगणक व आंतरजाल यांच्या प्रसारामुळे या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असा समज सर्वत्र आढळतो. केंद्र व राज्य शासनाची संकेतस्थळे, न्यायालयांचे निवाडे आणि राजपत्रे आज विनामूल्य उपलब्ध आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातील प्रसिद्धीला छापील राजपत्राइतकेच स्थान दिले, आणि भारताच्या राजपत्राची छपाई १ ऑक्टोबर २०१५ पासून थांबवून ते केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास प्रारंभ झाला. उपलब्धतेच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु एखादा दस्तऐवज उपलब्ध असणे, तो सापडणे आणि तो आजमितीस आपल्या गावाला लागू आहे हे समजणे, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या तीन पायऱ्यांची चिकित्सा केली आहे. आपली संकेतस्थळे कायदा कोणी केला यानुसार रचलेली आहेत. तो कोठे लागू आहे हे त्यांवरून सहज कळत नाही. जेथे लागू कायदा इतर भागांहून वेगळा आहे, त्या अनुसूचित क्षेत्रातील वाचकाला या रचनेची किंमत सर्वांत अधिक मोजावी लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नंदुरबारला लागू असलेल्या कायद्याचे स्तर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांतील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहेत.

पाचव्या अनुसूचीतील परिच्छेद ५ नुसार, संसदेचा किंवा राज्य विधानमंडळाचा एखादा अधिनियम अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, अथवा विशिष्ट अपवाद व फेरबदलांसह लागू होईल, असा निदेश राज्यपाल जाहीर अधिसूचनेद्वारे देऊ शकतात. याचा व्यावहारिक अर्थ असा, की अक्राणी तालुक्यातील एखाद्या गावाला लागू असलेला कायदा एकाच ग्रंथात किंवा एकाच संकेतस्थळाच्या पानावर पूर्णपणे मिळेल, याची हमी नसते. संसदेचा मूळ अधिनियम, त्याखालील केंद्राचे नियम, राज्याचे अधिनियम व नियम, राज्यपालांच्या अधिसूचना आणि विविध विभागांचे शासन निर्णय असे किमान पाच स्तर एकत्र ठेवून वाचावे लागतात. ग्रामसभेच्या अधिकारांचेच उदाहरण घेतले, तर पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार करणारा, पेसा या नावाने ओळखला जाणारा १९९६ चा केंद्रीय अधिनियम, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातील अनुसूचित क्षेत्रांसाठीचे स्वतंत्र प्रकरण आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम ही सर्व सोबत ठेवल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही.

एखादे गाव अनुसूचित क्षेत्रात मोडते किंवा नाही, या पहिल्याच प्रश्नावर अडचण सुरू होते. याचे उत्तर राष्ट्रपतींच्या अनुसूचित क्षेत्रे (महाराष्ट्र) आदेश, १९८५ मध्ये आहे. हा आदेश निघाला तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वात नव्हता. त्यामुळे आदेशातील संबंधित तालुके व गावे धुळे जिल्ह्याच्या शीर्षाखाली आहेत. जिल्ह्याचे नाव टाकून शोध घेणाऱ्याला आदेशात केवळ नंदुरबार हा तालुका आढळतो. उर्वरित तालुके त्याच्या नजरेतून निसटण्याचा संभव असतो. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव असल्याने लोकव्यवहारात तालुक्यालाही धडगावच म्हटले जाते, ही त्यात आणखी एक भर. कायद्याचा इतिहास व प्रशासनाचा भूगोल ठाऊक असलेल्यालाच हा दस्तऐवज अर्थपूर्ण ठरतो.

केंद्रीय स्तरावरील साधने

केंद्रीय कायद्यांसाठी प्रमुख साधन म्हणजे विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाचे 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ. २०१६ साली दाखल झालेल्या एका याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने, सर्व केंद्रीय अधिनियम व त्याखालील दुय्यम विधिविधान अद्ययावत स्वरूपात आणि संगणकाला वाचता येईल अशा रूपात उपलब्ध करावे, असा निदेश दिला. त्यानंतर या संकेतस्थळाला आजचे व्यापक स्वरूप आले. कलमवार मांडणी, नियम व अधिसूचना अधिनियमाशी जोडण्याची सोय आणि राज्यांच्या कायद्यांचा समावेश ही त्याची बलस्थाने होत.

तथापि, अधिनियमाचा पाठ केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या पद्धतीची मर्यादा वनहक्कांच्या एका उदाहरणावरून लक्षात येते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ नुसार वनहक्काचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. कलम ६ च्या पोटकलम (६) मध्ये जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम व बंधनकारक असल्याचे म्हटले आहे. तळोदा किंवा अक्कलकुवा तालुक्यातील ज्या दावेदाराचा दावा जिल्हास्तरावर नामंजूर झाला, त्याने अथवा त्याच्या वतीने एखाद्या प्राध्यापकाने मूळ अधिनियम उघडला, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करण्यावाचून मार्ग नाही, असाच निष्कर्ष निघेल.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून मे २०२० मध्ये काढलेल्या अधिसूचनेने, अनुसूचित क्षेत्रापुरता कलम ६ मध्ये फेरबदल केला आणि जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील विभागीय समितीकडे अपिलाची वाट मोकळी केली. नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर हा विभाग नाशिकचा. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात निघालेल्या दुसऱ्या अधिसूचनेने वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनक्षेत्रात घर बांधता यावे यासाठी याच अधिनियमात आणखी एक फेरबदल केला. संसदेने संमत केलेल्या पाठात या दोन्ही बदलांची नोंद असण्याचे कारण नाही. ते राज्याच्या राजपत्रात शोधावे लागतात.

येथे प्रश्न केवळ अभ्यासाच्या काटेकोरपणाचा राहत नाही. अपिलाला मुदत असते. जो मार्ग अस्तित्वात आहे हेच कळले नाही, त्याची मुदत निघून गेल्याचे तरी कसे कळावे? कसत असलेली जमीन हातची जाणे किंवा राहणे हे अशा वेळी एका अधिसूचनेच्या माहितीवर अवलंबून असते. मूळ अधिनियमाचा प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाचकाचा निष्कर्ष चुकतो, कारण त्याने वाचलेला पाठ त्याच्या गावाला जसाच्या तसा लागू नाही.

राज्याची साधने

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांचे संकेतस्थळ हे राज्यातील सर्वाधिक वापरले जाणारे विधिविषयक साधन म्हणता येईल. प्रत्येक शासन निर्णयाला संगणक संकेतांक देण्यात येतो व त्याचा आरंभ वर्ष, महिना व दिनांक यांच्या अंकांनी होतो. निर्णयाच्या शेवटी संकेतांकाचा उल्लेख आणि अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असल्याने दस्तऐवजाची सत्यता पडताळता येते. विभागनिहाय व दिनांकनिहाय शोधाची सोय आहे. संकेतांक किंवा दिनांक ठाऊक असलेल्या कर्मचाऱ्यासाठी ही व्यवस्था उत्तम होय.

विषय ठाऊक आहे पण विभाग ठाऊक नाही, अशा वाचकाची मात्र येथे कुचंबणा होते. पेसाविषयक निर्णय ग्रामविकास, आदिवासी विकास, महसूल व वन अशा अनेक विभागांत विखुरलेले असू शकतात. 'वनहक्क' व 'वन हक्क' या दोन लेखनपद्धतींमुळे शोधाचे निकाल बदलू शकतात. आणखी गंभीर बाब अशी, की नंतरच्या निर्णयाने आधीचा निर्णय अधिक्रमित केला असल्यास जुन्या निर्णयाच्या प्रतीवरून ते समजत नाही. नव्या निर्णयाच्या प्रस्तावनेत जुन्याचा संदर्भ असतो. जुन्यावरून नव्याकडे जाण्याचा दुवा नसतो. त्यामुळे वाचकाच्या हाती आलेला निर्णय खरा असूनही कालबाह्य असू शकतो.

कायद्यांच्या नावांमुळेही असाच घोटाळा होतो. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा पुढे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईच्या नावाने असलेल्या अनेक जुन्या अधिनियमांची संक्षिप्त नावे राज्याने अशाच प्रकारे बदलली. जुने निवाडे व शासन निर्णय पहिल्या नावाने आहेत, तर नवे दुसऱ्या. दोन्ही नावांनी शोध न घेणाऱ्या अभ्यासकाला निम्माच इतिहास हाती लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतर हीच अडचण फौजदारी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जाणवत आहे.

तांत्रिक बाबींकडेही दुर्लक्ष करता येत नाही. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी शासकीय कार्यालयांत मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी सांकेतिक पद्धतींच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. अशी पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, परंतु शोधयंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग असते. जुन्या राजपत्रांच्या छायाप्रती तर केवळ चित्रेच होत. डोळ्यांना दिसणारा परंतु शोधात न येणारा हा मजकूर ग्रंथालयाच्या बंद कपाटातील पुस्तकासारखा आहे.

न्यायनिर्णयांची साधने

अधिनियमांच्या तुलनेत न्यायनिर्णयांची स्थिती बरीच समाधानकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर हा प्रकल्प सुरू करून आपल्या अधिकृत निर्णयमालेतील सुमारे ३४,००० निवाडे विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी तटस्थ उद्धरणपद्धती आल्याने खासगी प्रकाशनाच्या खंड-पृष्ठांवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली. त्याआधी जानेवारी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'इंडियन कानून' या खासगी शोधयंत्राने निवाडे व त्यांत उद्धृत झालेली कलमे एकमेकांशी जोडून सामान्य वाचकाला मोठाच आधार दिला होता. ते शासकीय नसल्याने न्यायालयापुढे ठेवण्यासाठी निवाड्याची प्रत मूळ स्थळावरून घेणे इष्ट, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. मनुपात्र, एससीसी ऑनलाइन यांसारखी सशुल्क साधने संपादकीय टिपा व नंतरच्या निवाड्यांतील संदर्भ पुरवितात. लहान महाविद्यालयांच्या ग्रंथालयीन तरतुदीत ती बसणे कठीण असते.

या साधनांचे मोल नंदुरबारच्याच दोन प्रश्नांवरून लक्षात येईल. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा-तळोदा परिसरात आदिवासींच्या परहस्तगत जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. १९७४ च्या सुधारणेने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ दाखल झाले, आणि महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याबाबत अधिनियम, १९७४ ने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणांच्या बाबतीत जमीन परत मिळविण्याची तरतूद केली. या कायद्याची वैधता लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. आज हा निवाडा विनामूल्य वाचता येतो. त्याच्या आधारे पुढील निवाड्यांचा मागोवाही घेता येतो.

दुसरा प्रश्न सरदार सरोवराचा. या धरणाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा, नर्मदा बचाओ आंदोलन प्रकरणातील १८ ऑक्टोबर २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि त्यानंतरचे आदेश हे या विषयाचे मूळ आधार होत. त्यांपैकी न्यायालयीन निर्णय काही क्षणांत मिळतात. पुनर्वसनाची प्रत्यक्ष अंमलबजावणी ज्या शासन निर्णयांतून व आदेशांतून झाली, त्यांचा सलग संच मात्र अभ्यासकाला स्वतःच जुळवावा लागतो. तत्त्व सांगणारा दस्तऐवज सुलभ आणि हक्क ठरविणारा दस्तऐवज दुर्लभ, अशी ही विसंगती आहे.

जिल्हा ज्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, येथील खंडपीठाचे निर्णयही संकेतस्थळावर मिळतात. शोध घेताना शहराची जुनी व नवी अशी दोन्ही नावे ध्यानात ठेवणे हिताचे.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले, आणि १९९८ साली दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे राज्याने अधिसूचित केले. प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधि) अधिनियम, १९७३ नुसार राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला केंद्रीय कायद्याचा मराठी अनुवाद हा मराठीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. याउलट सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचे मराठी अनुवाद पक्षकाराला समजावे एवढ्यापुरतेच असतात. अधिकृत पाठ इंग्रजीच राहतो. एकाच पडद्यावर मराठीत दिसणाऱ्या दोन मजकुरांचे कायदेशीर वजन असे भिन्न असते. हा भेद ठळकपणे दाखविला नाही, तर सर्वसामान्य वाचकाला तो जाणवणे अवघड आहे.

शिवाय नंदुरबारच्या संदर्भात मराठी ही अनेकांची मातृभाषा नाही. भिली, पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्या ग्रामसभेपुढे 'फेरबदलांसह लागू' हा शब्दप्रयोग वाचून दाखविणे म्हणजे प्रसिद्धीची औपचारिकता पूर्ण करणे होय. आकलन त्यापुढेच राहते.

अन्य देशांतील व्यवस्थांशी तुलना

ही अडचण अटळ नाही, हे इतरत्र झालेल्या प्रयत्नांवरून दिसते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत चालविल्या जाणाऱ्या व २०१० साली सुरू झालेल्या विधिविधानविषयक संकेतस्थळावर अनेक तरतुदींपुढे तिचा प्रादेशिक विस्तार, म्हणजे ती इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांपैकी कोठे लागू आहे, हे दर्शविण्याची सोय आहे. विशिष्ट दिनांकाला ती कशी होती, हेही अनेक कायद्यांच्या बाबतीत पाहता येते. कॅनडात २००९ पासून संघराज्याच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरील एकत्रित पाठाला अधिकृत दर्जा आहे. भारतात अनुसूचित क्षेत्रांची विशेष कायदेव्यवस्था संविधानाच्या आरंभापासून अस्तित्वात असल्याने प्रादेशिक विस्तार दर्शविणाऱ्या अशा खुणेची आवश्यकता येथे कांकणभर अधिकच आहे. कलम ६ च्या पोटकलम (६) पुढे 'महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात फेरबदलांसह लागू' एवढी एक ओळ आणि अधिसूचनेचा दुवा असला, तरी वर वर्णिलेला अनर्थ टळू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की भारतीय विधिविषयक संकेतस्थळांनी दस्तऐवजांच्या संख्येचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. लागू कायदा ओळखण्याचा प्रश्न वाचकावर सोपविला. सर्वसाधारण क्षेत्रात ही उणीव गैरसोयीची ठरते. अनुसूचित क्षेत्रात ती हक्क हिरावून घेणारी ठरू शकते. राज्यपालांच्या अधिसूचना मूळ अधिनियमाच्या संबंधित कलमाशी जोडणे, अधिक्रमित शासन निर्णयांवर तशी नोंद करणे आणि जुने मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, ही तीन कामे शासनाने अग्रक्रमाने हाती घ्यावयास हवीत.

तोपर्यंत महाविद्यालयांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार राजपत्रातील अधिसूचना व न्यायनिर्णय पुनःप्रकाशित करता येतात. अधिनियम भाष्यासह किंवा अन्य मूळ लेखनासह छापता येतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात मूळ निवाडे सार्वजनिक असल्याचे मान्य केले. संरक्षण मिळाले ते प्रकाशकाच्या संपादकीय कामापुरते. ज्या भारतीय भाषेत शासनाने अनुवाद प्रसिद्ध केलेला नाही किंवा केलेला अनुवाद विक्रीस उपलब्ध नाही, त्या भाषेत अधिनियम व नियम यांचा अनुवाद करण्याची मुभाही याच कलमात आहे. तो शासनाने प्राधिकृत केलेला नसल्याचे ठळकपणे नमूद करणे एवढीच अट. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील राज्यशास्त्र, मराठी व ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन वनहक्क, पेसा व जमीन हस्तांतरण या तीन विषयांवरील अधिनियम, अधिसूचना व शासन निर्णय यांचा दिनांकासह संच भाष्यासहित सिद्ध करावा, त्याचा भिली व पावरी भाषांत गोषवारा द्यावा आणि दरवर्षी तो तपासून अद्ययावत करावा, यास कायद्याचा अडसर नाही. हे काम झाले, तर जिल्हास्तरावर दावा नामंजूर झालेला शेतकरी निदान पुढचे दार कोणते आहे, हे वेळेत विचारू शकेल.